मिसेस मोल्सवर्थ यांच्या गोष्टी मराठीत आणताना: कामाच्या नोंदी

7 जुलै 2024

आमच्या वाचनालयात दर शनिवारी मुलांसाठी वाचनाचा तास असतो. इंग्रजी लेखिका मिसेस मोल्सवर्थ यांच्या चार गोष्टी मराठीत करून दिवाळीपर्यंत शंभर प्रतींची पुस्तिका काढायची, असे काल ठरले. दोन गोष्टी मुलांसाठी आणि दोन भुताच्या, म्हणजे मुलांबरोबर येणाऱ्या आजी-आजोबांनाही काही वाचायला मिळेल. मेरी लुइझा मोल्सवर्थ यांचा जन्म 1839 साली रॉटरडॅमला झाला. त्या वाढल्या मँचेस्टरमध्ये आणि 1921 साली लंडनला वारल्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे लेखनहक्क संपतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांचे चित्रकार वॉल्टर क्रेन 1915 मध्येच वारले, म्हणून चित्रेही घेता येतात. असे काम हाती घेणाऱ्या इतरांचा वेळ आणि पैसा वाचावा, यासाठी या नोंदी ठेवत आहे. त्यात चुकाही जशा झाल्या तशाच लिहीन.

10 जुलै

तीन दिवस नुसत्या शोधात गेले. ‘मोल्सवर्थ’ असे मराठीत शोधले की जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोशच समोर येतो, आणि ते साहजिकच आहे. 1831 ची पहिली आणि 1857 ची वाढवलेली दुसरी आवृत्ती आजही आपल्या अभ्यासकांच्या टेबलावर असते. इंग्रजीत शोधल्यावर बाई सापडल्या, पण पुस्तके अर्धीच मिळाली. कारण नंतर कळले. ‘कॅरट्स’ (1876) आणि ‘द कुक्कू क्लॉक’ (1877) यांच्या पहिल्या आवृत्त्यांवर त्यांचे नाव नाही, तिथे ‘एनिस ग्रॅहम’ हे टोपणनाव आहे. ही दुसऱ्याच कोणाची पुस्तके आहेत असे समजून मी दोन चांगले स्कॅन बाजूला ठेवले होते. शोधताना दोन्ही नावे घालावीत.

भुताच्या गोष्टींसाठी 1888 चा ‘फोर घोस्ट स्टोरीज’ हा संग्रह घेतला. 1896 चा ‘अनकॅनी टेल्स’ही मिळाला, पण त्यातल्या गोष्टी आमच्या पानांच्या हिशोबात बसणार नाहीत. मूळ मजकुराच्या छापील प्रती काढायला 340 रुपये लागले. पडद्यावर वाचून भाषांतर करण्याचा प्रयत्न मी पूर्वी केला आहे, त्यात ओळी गळतात.

14 जुलै

गोष्टींची यादी पक्की करून वाचनालयाच्या फळ्यावर लावली. ‘कॅरट्स’मधले हरवलेल्या नाण्याचे प्रकरण, ‘कुक्कू क्लॉक’चा सुरुवातीचा भाग, ‘लेडी फार्कर्स ओल्ड लेडी’ आणि ‘द स्टोरी ऑफ द रिपलिंग ट्रेन’. मुखपृष्ठाचे काम ओळखीच्या एका चित्रकाराला दिले आणि 1,500 रुपये आगाऊ दिले.

28 जुलै

‘कॅरट्स’ सुरू केले. हा सहा भावंडांच्या घरातला लहान मुलगा. त्याचे खरे नाव फेबियन, पण केस तांबडे म्हणून सगळे त्याला गाजर म्हणतात. मोल्सवर्थबाई लहान मुलांचे उच्चार जसेच्या तसे लिहितात, आणि त्यांच्या काळी याचे फार कौतुक झाले. मी उत्साहाने त्याचे सगळे बोलणे बोबडे केले. ‘क’चा ‘त’, ‘र’चा ‘ल’, जोडाक्षरे मोडून टाकलेली. काल शनिवारी दोन पाने वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर एका सात वर्षांच्या मुलीने मला थांबवून विचारले, “तो आजारी आहे का?”

तिचा प्रश्न रास्त होता. मराठीत बोबडे बोल आपण दोन-अडीच वर्षांच्या बाळाला देतो. कॅरट्स त्याहून मोठा आहे, त्याचे उच्चार थोडे चुकतात पण विचार फार नेटका असतो. सगळे शब्द बोबडे केले की त्या विचाराकडे कोणाचे लक्ष जात नाही. आज सगळे पुन्हा सरळ केले. बोबडेपणा तीनच शब्दांत ठेवला आणि बाकी लहानपण वाक्यांच्या रचनेत आणले, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणे, ‘म्हणून’ने वाक्य सुरू करणे. चौदा दिवसांतले आठ दिवस असे वाया गेले.

11 ऑगस्ट

नाण्याच्या प्रकरणात अडकले आहे. घरातल्या दाईचे अर्धे सॉव्हरिन, म्हणजे सोन्याचे एक इंग्रजी नाणे, हरवते. कॅरट्सला ते सापडलेले असते, पण ती ‘पिवळी सहा पेनी’ आहे असे त्याला वाटते. सॉव्हरिन घेतलेस का, असे विचारल्यावर तो नाही म्हणतो, कारण सॉव्हरिन म्हणजे राजे आणि राण्या, असे बहीण फ्लॉस हिने त्याला सांगितलेले असते. मग नाणे त्याच्याजवळच सापडते आणि मोठ्यांना तो खोटारडा वाटतो. सगळे प्रकरण या एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभे आहे.

यातला एक तपशील मला नाण्यांच्या पुस्तकात मिळाला. सोन्याचे अर्धे सॉव्हरिन आणि चांदीची सहा पेनी यांचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे 19 मिलिमीटरच्या थोडा वर. 1887 साली नवी सहा पेनी निघाली तेव्हा लोक तिला सोन्याचा मुलामा देऊन अर्धे सॉव्हरिन म्हणून खपवू लागले आणि ते नाणे मागे घ्यावे लागले. गोष्ट त्याच्या अकरा वर्षे आधीची आहे. म्हणजे कॅरट्सची समजूत अगदी डोळस होती. किंमत वीस पट असली तरी आकार जवळजवळ तोच, डोळ्यांत भरणारा फरक रंगाचा. हे कळल्यावर त्या मुलाविषयी माझा आदर वाढला आणि ‘पिवळी सहा पेनी’ हे शब्द न बदलता ठेवायचे ठरले.

पण सॉव्हरिनचे काय करायचे? पहिला प्रयत्न म्हणून ‘सॉव्हरिन’ तसेच ठेवून तळटीप दिली. मोठ्याने वाचताना तळटीप वाचता येत नाही, म्हणून तो प्रयत्न त्याच दिवशी सोडला. दुसरा प्रयत्न ‘मोहर’. नाणे आणि आंब्याचा मोहर, असे दोन अर्थ आयते मिळतात. परंतु हे घर इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावातले, तिथे आंबा कुठून आणणार?

20 ऑगस्ट

नऊ दिवस ‘पुतळी’ या शब्दावर काम केले. पुतळी म्हणजे बाहुली, आणि पुतळी म्हणजे आपल्या पुतळ्यांच्या माळेतले सोन्याचे नाणेही. “पुतळी घेतलीस का?” असे विचारल्यावर कॅरट्सला बाहुली आठवते आणि तो नाही म्हणतो. शनिवारी मुलांना हे फार आवडले. पण वाचन संपल्यावर एका मुलाने विचारले, की मग शेवटी राजे-राण्यांचे बोलणे कशाला आले? प्रकरणाच्या शेवटाला मी हात लावलेला नव्हता. तोही बदलायचा म्हटले तर फ्लॉसचे समजावून सांगणे बदलावे लागते आणि त्या बहीण-भावांमधला सगळा जिव्हाळा त्या समजावण्यातच आहे. शिवाय पुतळी हे मुळात व्हेनिसचे नाणे, ते इंग्रज दाईच्या हातात शोभत नाही. नऊ दिवसांचे काम काढून टाकले.

23 ऑगस्ट

उत्तर घरातच मिळाले. माझ्या आईच्या डब्यात जुना रुपया आहे, त्याला ती ‘राणीछाप’ म्हणते. व्हिक्टोरिया राणीचे डोके असलेल्या नाण्यांना आपल्याकडे सर्रास असेच म्हणत, आणि त्या काळच्या अर्ध्या सॉव्हरिनवरही तीच राणी आहे. आता दाई म्हणते, “माझी अर्धी राणीछाप हरवली.” कॅरट्सच्या कानात त्यातली ‘राणी’ तेवढी राहते आणि राणी कोण असते हे त्याला फ्लॉसकडून ठाऊक असते. त्यामुळे राजे-राण्या, फ्लॉस आणि प्रकरणाचा शेवट जागच्या जागी राहिला. सहा पाने एका बैठकीत पुरी झाली.

यापुढचा नियम लिहून ठेवते. जिथे मूळ शब्दाचे दोन अर्थ असतील तिथे मराठी शब्द शोधण्याआधी त्या दोन अर्थांतला कोणता पुढे पुन्हा लागणार आहे, हे प्रकरण शेवटपर्यंत वाचून पाहायचे. हे आधी केले असते तर नऊ दिवस वाचले असते.

1 सप्टेंबर

‘कुक्कू क्लॉक’ फारसे अडले नाही. ग्रिसेल्डा ही मुलगी जुन्या घरात दोन वृद्ध नातेवाईक बायकांकडे राहायला येते, घड्याळातल्या पक्ष्यावर रागाने पुस्तक फेकते, घड्याळ बंद पडते, आणि रात्री ती त्या पक्ष्याची माफी मागते. इंग्रजी ‘आँट’ हा शब्द आत्या की मावशी ते सांगत नाही आणि मराठीला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. दोघी आजीच्या पिढीच्या आहेत, म्हणून सरळ ग्रिझेलआजी आणि टॅबिथाआजी केले. पक्ष्याला कोकीळ म्हणणे मात्र टाळले. आपल्या कोकिळेभोवती वसंत, आम्रवन आणि गोड गळा असे सगळे येते, तर हा पक्षी शिस्तीचा आणि फटकळ आहे. ‘कुक्कू’ ठेवले. पुस्तक फेकताना ग्रिसेल्डा त्याला ‘तू’ म्हणते आणि माफी मागताना ‘तुम्ही’ म्हणते. इंग्रजीत हा फरक करता येत नाही, मराठीत आला आणि माफीचा प्रसंग उजळला, याचे मला फार समाधान आहे.

9 सप्टेंबर

मोठी चूक. मुखपृष्ठाचे चित्र आले. चंद्रप्रकाश, पाण्यावर उठणाऱ्या लाटा, आणि पुलावरून जाणारी वाफेच्या इंजिनाची आगगाडी. चित्र सुरेख आहे. मी ‘द स्टोरी ऑफ द रिपलिंग ट्रेन’ तोवर वाचली नव्हती, फक्त नाव सांगितले होते. आज वाचली. त्यात आगगाडीचा प्रश्नच नाही. ‘ट्रेन’ म्हणजे स्त्रियांच्या लांब झग्याचा मागे जमिनीवर लोळणारा भाग. गोष्टीतल्या गृहस्थांना ओळखीची एक स्त्री दिसते आणि तिच्या झग्याचा तो मागचा भाग लाटांसारखा हलत जाताना दिसतो. 1888 च्या वाचकाला दोन्ही अर्थ माहीत होते, मला एकच सुचला.

चित्रकाराची काहीच चूक नाही, त्यांना पूर्ण मानधन दिले. 1,500 रुपये आणि तीन आठवडे गेले. फळ्यावरची ‘थरथरणारी आगगाडी’ पुसून टाकली. न वाचलेल्या गोष्टीचे नाव कोणालाही सांगायचे नाही, मग ते कितीही सोपे दिसो.

15 सप्टेंबर

त्याच गोष्टीच्या नावावर आणखी दोन दिवस गेले. झग्याच्या त्या भागाला ‘घोळ’ हा अचूक शब्द आहे, आपण ‘पायघोळ’ म्हणतो त्यातलाच. पण ‘हलणारा घोळ’ असे नाव वाचून माझ्या भाचीने कसला घोळ झाला, असे विचारले. ‘सोगा’ हा धोतराचा किंवा पागोट्याचा, तो पुरुषी वाटतो. ‘पदर’ घेतला तर बाई साडीत उभी राहते. 1857 च्या कोशात आणि मोल्सवर्थ-कँडी यांच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशात बराच वेळ घालवला. त्या निमित्ताने त्या काळची मराठी वापरून पाहावी असे मनात आले, कारण कोशकारांचे आणि लेखिकेचे आडनाव एक आणि शतकही एकच. चार परिच्छेद तसे लिहून पाहिले. प्रत्येक वाक्याला अंगरखा घातल्यासारखे वाटू लागले. मिसेस मोल्सवर्थ त्यांच्या काळाच्या मानाने साध्या, बोलत्या इंग्रजीत लिहितात, आणि तीच त्यांची खरी ताकद आहे. ते परिच्छेद काढले.

नाव ‘झग्याच्या लाटा’ असे केले. सगळे शब्द सात वर्षांच्या मुलाला समजणारे, आणि हलणेही आले.

29 सप्टेंबर

‘लेडी फार्कर्स ओल्ड लेडी’. आधी मी आडनाव ‘फारक्वार’ असे लिहीत होते. उच्चार फार्कर असा आहे, चाळीस ठिकाणी बदलावा लागला. नावातही अडचण आहे. ‘लेडी फार्कर यांची म्हातारी बाई’ म्हटले तर मराठी वाचकाला ती त्यांच्याकडची कामाची बाई वाटेल. ‘लेडी फार्कर यांना दिसलेली म्हातारी’ असे केले.

गोष्ट अगदी थोडी आहे. तरुणपणी लेडी फार्कर आयर्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या एका घरात राहत असतात, तिथे त्यांना एक वृद्ध स्त्री दिसते. मागाहून कळते, की घराच्या मालकीण असलेल्या बहिणींना ते सोडून परदेशी राहावे लागले होते, आणि दिसलेली बाई त्यांच्यापैकी एक. ती कोणाला त्रास देत नाही. बोलत नाही. तिला फक्त घरी यायचे असते.

माझा पहिला खर्डा आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी वाचला आणि पेन्सिलने एकाच शब्दाखाली रेघा मारून परत दिला. ‘अचानक’ सतरा वेळा होता. शिवाय ‘अंगावर सर्रकन काटा आला’ चार वेळा आणि ‘काळीज धडधडू लागले’ तीन वेळा. यातले जवळजवळ काहीच मुळात नाही. बाई म्हणाल्या, “अगं, तू तिला घाबरवायला लावते आहेस. ती बिचारी नुसती येऊन जाते आहे.”

त्या रात्री खर्डा आणि मूळ शेजारी ठेवून वाचले. आपल्या भुताच्या गोष्टींची सवय अशी, की वाडा, पिंपळ, अमावास्या आणि हडळ आले की आवाज चढतो. मिसेस मोल्सवर्थ आवाज चढवत नाहीत. जिना, दिवा, संध्याकाळ, आणि जिन्यावरून जाणारी म्हातारी, हे सगळे त्या एकाच सुरात सांगतात, जसे कॅरट्सच्या हातातले पिवळे नाणे सांगतात. मुलाने पाहिले ते खरे होते आणि या तरुणीने पाहिले तेही खरे होते, एवढीच त्यांची भूमिका. 1869 साली एकाच वर्षात त्यांची थोरली मुलगी आणि तान्हा मुलगा गेला. पुढच्याच वर्षी त्यांचे पहिले पुस्तक आले. मुले आणि परत येऊ पाहणारी माणसे या दोघांविषयी त्या इतक्या हळुवारपणे का लिहितात, हे मला त्या तारखा पाहून जास्त जवळून कळले. या संग्रहातल्या एका गोष्टीचे नावच ‘अनएक्स्प्लेन्ड’ आहे.

दुरुस्तीची पद्धत सांगते, कोणाला उपयोगी पडेल. सगळी भीतिदर्शक क्रियाविशेषणे एकदम काढली. मग मोठ्याने वाचून जिथे अर्थ खरोखर तुटत होता तिथेच एखादे परत घातले. सतरा ‘अचानक’पैकी एक राहिला. ‘भूत’, ‘पिशाच्च’, ‘आत्मा’ हे तिन्ही शब्द काढून सगळीकडे ‘ती बाई’ केले.

20 ऑक्टोबर

दिवाळी गाठता येणार नाही, हे आज मान्य केले. अक्षरजुळणीने अकरा दिवस घेतले. मी मजकूर युनिकोडमध्ये दिला होता. दुकानात तो जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये रूपांतरित झाला आणि ‘ऱ्य’ हे जोडाक्षर सगळीकडे मोडले. ‘पायऱ्या’चे ‘पायर्या’ झाले, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’. भुताच्या दोन गोष्टींत जिना आणि पायऱ्या किती वेळा येतात ते तेव्हा लक्षात आले. घाईत मी सर्व ‘र्य’ एकदम बदलून ‘ऱ्य’ करायला सांगितले, ही माझी चूक. ‘सूर्य’ आणि ‘आश्चर्य’ बिघडले, आणि कॅरट्सचे घर ‘दर्याकाठी’ होते ते ‘दऱ्याकाठी’ झाले. शेवटी सगळा मजकूर युनिकोडमध्येच पुन्हा लावून घेतला. 72 पानांचे दर पानी 35 प्रमाणे 2,520 रुपये ठरले होते, त्यावर 600 रुपये जास्त लागले. रूपांतर करावे लागणार असेल तर आधी एक पान करून घ्यावे आणि त्यात दर्या, दऱ्या, सूर्य, पायऱ्या हे चार शब्द मुद्दाम घालावेत.

17 नोव्हेंबर

नमुन्याच्या दोन प्रती, 280 रुपये. क्रेन यांच्या ‘कुक्कू क्लॉक’च्या चित्रांत बारीक रेघा आहेत. मी वापरलेल्या प्रतिमा पडद्यासाठीच्या होत्या, छापल्यावर सगळ्या रेघा मिळून राखाडी डाग झाला. मोठ्या स्कॅनमधून 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशोबाने, पुन्हा घेतल्या, मागचा पिवळेपणा काढून शुद्ध काळ्या-पांढऱ्या केल्या. आता ग्रिसेल्डाच्या केसांची बटही दिसते. नव्या मुखपृष्ठाचे 1,000 रुपये. त्यावर जिना आहे आणि तो रिकामा आहे.

15 डिसेंबर

शंभर प्रती आल्या. छपाई आणि बांधणी दर प्रती 78 म्हणजे 7,800 रुपये. एकूण खर्च 14,040, म्हणजे एका प्रतीला 140 रुपये 40 पैसे. आगगाडीचे चित्र आणि पुन्हा केलेली जुळणी वगळली तर तो 119 रुपये 40 पैशांवर आला असता. वेळ सव्वापाच महिने लागला.

काल शनिवारी ‘राणीछाप’ पूर्ण वाचली. सॉव्हरिन म्हणजे काय, हे कोणीही विचारले नाही. कॅरट्सला मोठी माणसे रागावतात तिथे एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “पण त्याला माहीतच नव्हतं!” वाचन तिथे थोडा वेळ थांबवावे लागले.

22 डिसेंबर

पान 41 वर एक ‘दऱ्याकाठी’ राहून गेले आहे. उरलेल्या 63 प्रतींत ते आज हाताने दुरुस्त केले. ज्यांनी आधी प्रती नेल्या त्यांनी वाचनालयात आणून दिल्यास त्यांच्याही दुरुस्त करून देईन. मुख्याध्यापिका बाई त्यांची प्रत कालच घेऊन आल्या होत्या. पान 58 वरचा तो शेवटचा ‘अचानक’ त्यांनी पेन्सिलने खोडला होता. मी वाक्य पुन्हा वाचून पाहिले. त्याच्याशिवाय ते चांगले लागते.